सन्मान करायचा तर नीट करू या

३१ मे हा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचा जन्मदिवस. १७२५ साली, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात, चोंडी गावी त्यांचा जन्म झाला. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातल्या दोन कर्तबगार महिलांना त्यांच्या नावाचा पुरस्कार द्यावा, अशी योजना राज्य शासनाने २०२३ मध्ये सुरू केली. सन्मानपत्र, सन्मानचिन्ह, शाल, श्रीफळ आणि ५०० रुपये रोख असं त्याचं स्वरूप ठरलं. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. एवढ्या गावांनी मनावर घेतलं तर पन्नास हजारांहून जास्त बायकांचं काम त्यांच्याच माणसांसमोर मांडलं जाईल. राजधानीतल्या कुठल्याही पुरस्कार सोहळ्याला एवढी पोच नाही.

या पुरस्काराचं मोल पाचशे रुपयांत नाही आणि शालीतही नाही. ते आहे एका गोष्टीत: या बाईने नेमकं काय केलं, हे तिच्याच गावाने, तिच्यासमोर, तपशिलात सांगणं. हा तपशील मिळवायला वेळ लागतो, आणि नेमका तो वेळच अनेक ठिकाणी दिला जात नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात वरून आठवण येते, दोन नावं घाईने ठरतात, शाली आणल्या जातात आणि फोटो तालुक्याला जातो. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. पण जिने वर्षानुवर्षं स्वतःची मजुरी बुडवून लोकांची कामं केली, तिचं नाव या घाईत हमखास सुटतं. कारण ती पंचायतीच्या ओट्यावर कधी दिसलेली नसते.

पुढचं सगळं सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), बचत गटाच्या अध्यक्षा, शाळेतले गुरुजी-बाई आणि गावातली तरुण मंडळं यांच्यासाठी आहे. ३१ मे ऐवजी ८ मार्चला, महिला दिनी, किंवा ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुलेंच्या जयंतीला, सत्कार ठेवणार असाल, नवरात्रात गावातल्या नऊ जणींचा गौरव करणार असाल, तरी यातलं बहुतेक लागू पडेल.

नाव शोधायचं कसं

सुरुवात एप्रिलमध्ये करा. १ मे रोजी ग्रामसभा असते, आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. या महिला सभेच्या विषयपत्रिकेवर पुरस्काराचा विषय घ्या. सभा कागदावर होऊ देऊ नका. आणि ती सकाळी अकराला ठेवू नका. त्या वेळी मजुरीला जाणाऱ्या बायका रानात असतात. संध्याकाळी जेवणाच्या आधीची वेळ बऱ्याच गावांत जमते, पण तुमच्या गावाचं तुम्ही बायकांनाच विचारून ठरवा. गावठाणापासून लांब वस्त्या, तांडे किंवा पाडे असतील, तर एक छोटी बैठक तिकडेही घ्या. दोन-तीन किलोमीटर चालून सभेला येणाऱ्या बायका थोड्या असतात, आणि त्या आल्या नाहीत म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखं नाही असा अर्थ होत नाही.

सभेत प्रश्न कोणता विचारता, याला फार महत्त्व आहे. ‘आपल्या गावातली कर्तबगार महिला कोण?’ असं विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात आणि मग कुणीतरी माजी सरपंचांच्या घरातलं नाव घेतं. त्याऐवजी असं विचारा: रात्री दोन वाजता घरात कुणी आजारी पडलं तर तुम्ही कुणाचं दार वाजवता? रेशनकार्डावरचं नाव कमी झालं किंवा निराधारांची पेन्शन अडकली, तर तहसीलला कुणाला सोबत नेता? शाळेतल्या पोरीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं तर त्या घरी जाऊन बोलायची हिंमत कोण करतं? घरची माणसं ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना कोण विचारतं? या प्रश्नांची उत्तरं बायका लगेच देतात. एकच नाव तीन वेगवेगळ्या वस्त्यांतून आलं, की ते लिहून ठेवा.

अर्ज मागवायला हरकत नाही, पण अर्जावर सगळं सोडू नका. जिला लिहिता येतं किंवा जिच्या घरात लिहिणारं कुणी आहे, तिचाच अर्ज येतो. साताऱ्याच्या माणदेशातलं उदाहरण इथे आठवावं. म्हसवडच्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं तेव्हा प्रवर्तक निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला. आम्हाला लिहिता येत नसलं तरी हिशोब येतो, असं सांगत त्या पुन्हा गेल्या आणि व्याजाची आकडेमोड तोंडी करून दाखवायला तयार झाल्या. १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. म्हणून तोंडी शिफारसही चालेल असं सभेत जाहीर करा, आणि ती लिहून घ्यायला बारावीतल्या दोन मुली बसवा. त्या मुलींनाही गाव नव्याने कळेल.

काय ‘कामात’ धरायचं, याबद्दलही मन मोकळं ठेवावं लागतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जपलं, वाढवलं, वाटलं. एरवी त्याकडे घरकामाचाच एक भाग म्हणून पाहिलं गेलं असतं. पण त्याच कामासाठी २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. आपल्या गावातही अशी कामं आहेत. विहिरीवरचं भांडण मिटवणारी, बाळंतिणीसोबत दवाखान्यात रात्र काढणारी, आईवेगळ्या पोराला स्वतःच्या ताटातलं देणारी, दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून घरोघर सह्या गोळा करणारी. अशा बाईला ‘सामाजिक कार्य’ असे शब्द वापरता येणार नाहीत. ते तिच्यासाठी तुम्ही वापरायचे आहेत.

जामखेडचंच आणखी एक उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवलं. त्यातल्या अनेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अनेक जणी दलित वस्त्यांतल्या होत्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे या बायकांची पायपीट होती. आपली निवड करताना गावाच्या एकाच बाजूची नावं तर येत नाहीत ना, हे तपासायचा साधा मार्ग म्हणजे मागच्या तीन वर्षांची यादी समोर ठेवणं. एकाच भावकीतली, एकाच समाजातली, एकाच गल्लीतली नावं दिसली तर दुरुस्ती याच वर्षी करा.

निवड करणाऱ्या मंडळींच्या घरातलं नाव आलं, तर त्या व्यक्तीने बैठकीतून उठावं. हे आधीच ठरलेलं असलं की वाईटपणा येत नाही. पदावरच्या महिलांबद्दल माझं मत असं की महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे सरपंच आणि सदस्य म्हणून काम करणाऱ्यांना व्यासपीठ मिळतंच. हा पुरस्कार शक्यतो जिच्याकडे पद नाही तिला द्यावा.

अंगणवाडी सेविका आणि आशाताईंची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना जरूर निवडा, पण सत्कार म्हणजे मानधनाची भरपाई नव्हे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा कार्यकर्त्यांचा जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार देऊन गौरव केला. त्यानंतर २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना वाढीव मानधनासाठी संपावर जावं लागलं. आशाताईंना शाल देणाऱ्या ग्रामपंचायतीने त्यांच्या थकलेल्या पैशांसाठी वर एक पत्रही पाठवावं.

नाव पक्कं करण्याआधी त्या बाईला विचारा. ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि त्याचा त्रास नंतर त्या बाईलाच होतो. दारूबंदीसाठी झगडणारी, बालविवाह थांबवणारी, मारहाण होणाऱ्या बाईला घरात आसरा देणारी स्त्री गावातल्या काही लोकांच्या डोळ्यांत आधीच खुपत असते. तिच्या कामातलं काय जाहीर सांगायचं आणि काय नाही, हे तिने ठरवावं. ज्यांना तिने मदत केली त्यांची नावं तर तिची आणि त्यांची परवानगी असल्याशिवाय घेऊच नयेत.

सन्मानपत्र: इथे कष्ट घ्या

सगळ्या कार्यक्रमात टिकणारी वस्तू हीच. ती घराच्या भिंतीवर लागते, नातवंडं ती वाचतात. आणि नेमकी तिच्यावरच सगळ्यात कमी मेहनत घेतली जाते. छापील नमुना असतो, त्यात नावाची रिकामी जागा असते: ‘आपण महिला व बालविकास क्षेत्रात केलेल्या उल्लेखनीय कार्याबद्दल आपला गौरव करण्यात येत आहे.’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणाचंच नसतं.

त्याऐवजी गावातली एखादी शिक्षिका किंवा नीट लिहिणारी तरुणी निवडा आणि तिला त्या बाईच्या घरी पाठवा. तासभर बोलू द्या. ‘तुम्ही काय काम केलं?’ असं विचारलं तर उत्तर येईल, ‘मी काय केलंय, सगळ्याच करतात.’ मग असं विचारावं: पहिल्यांदा कुणासाठी गेलात? तेव्हा घरचे काय म्हणाले? सगळ्यात अवघड दिवस कोणता होता? खर्च कुठून केला? त्यानंतर जिच्यासाठी तिने काही केलं अशा दोघी-तिघींना भेटावं. खरा मजकूर तिथे मिळतो. शासनाचा ठरलेला नमुना वापरावा लागत असेल तर वापरा, पण त्यासोबत गावाचं स्वतःचं एक पान जोडा. ते साधारण असं असावं (मजकूर कल्पित आहे, फक्त घडण पाहावी):

‘माळावरच्या वस्तीवरून दवाखान्यात पोचायला पावसाळ्यात दीड तास लागतो. २०१६ च्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला वेळेत गाडी मिळाली नाही. त्यानंतर तुम्ही तीन गाडीवाल्यांशी बोलून घेतलं आणि त्यांचे नंबर वस्तीवरच्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी भिंतीवर खडूने लिहिले. रात्री-अपरात्री तुम्ही सोबत गेलात. भाड्याचे पैसे नसतील तेव्हा स्वतःच्या शेळ्यांच्या पैशातून दिलेत आणि ते परत मागितले नाहीत. त्या वर्षानंतर वस्तीवर एकही बाळंतपण घरी अडलं नाही. हे गाव तुमचं ऋणी आहे.’

यात एकही मोठा शब्द नाही. वस्ती आहे, वर्ष आहे, गाडी आहे, शेळ्यांचे पैसे आहेत. ऐकणारा प्रत्येक जण मान हलवेल, कारण ते त्याने पाहिलेलं असेल. ‘कर्तृत्ववान’, ‘तेजस्वी’, ‘नारीशक्तीचा जागर’ हे शब्द गाळून मजकूर वाचून पाहा. त्यानंतरही जे उरतं तेच तिचं. छापायच्या आधी तो तिला वाचून दाखवा. आणि नाव कसं लिहायचं हे तिलाच विचारा. काही जणींना माहेरचं आडनाव हवं असतं, काहींना नवऱ्याचं नाव मधे नको असतं, एकल महिलेला त्यावरून उगाच अवघडायला होतं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि गाव हाक मारतं ते नाव वेगळं असेल तर दोन्ही लिहा.

कार्यक्रमाच्या दिवशी

मेच्या अखेरीस ऊन कडक असतं आणि पेरणीची तयारी सुरू झालेली असते. कार्यक्रम संध्याकाळी ठेवा, तासाभरात संपवा. एका प्रकारचा कार्यक्रम आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सत्कारमूर्ती बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पदर सावरत बसलेल्या असतात. व्यासपीठावर पाहुण्यांची रांग असते, त्यांचे हार, त्यांची भाषणं यात दीड तास जातो. मग निवेदक घड्याळाकडे बघत नाव पुकारतो, तेही चुकीचं. बाई उठते, शाल खांद्यावर पडते, कॅमेऱ्याकडे बघायला सांगतात, कुणीतरी तिच्या नवऱ्यालाही वर ओढतं, आणि अर्ध्या मिनिटात ती खाली येते. त्या अर्ध्या मिनिटात ती एक शब्दही बोललेली नसते.

हा क्रम उलटा करा. दोघी सत्कारमूर्ती मधल्या खुर्च्यांवर, पाहुणे कडेला. पाहुण्यांचे हार-तुरे रद्द. प्रास्ताविक दोन मिनिटांचं. मग सन्मानपत्राचं संपूर्ण वाचन, सावकाश, ज्या मुलीने ते लिहिलं तिच्याच तोंडून. त्यानंतर जिला मदत झाली आहे आणि जिची बोलायची तयारी आहे, अशा एकीला दोन शब्द सांगू द्या. मग सत्कार, आणि लगेच सत्कारमूर्तीचं मनोगत. तिला भाषण जमणार नसेल तर निवेदिकेने शेजारी बसून तीन प्रश्न विचारावेत. गप्पांत बायका मोकळ्या बोलतात. पाहुण्यांनी शेवटी बोलावं, तेही तिने सांगितलेल्या गोष्टीवर. घरच्यांना पहिल्या रांगेत मानाने बसवा, पण पुरस्कार तिच्याच हातात द्या. ती आजारी असेल तर दोघे-तिघे तिच्या घरी जा. तिच्या वतीने नवऱ्याने किंवा मुलाने घेऊ नये.

आता एका गोष्टीवर थोडं थांबायला हवं. आपल्याकडे बायकांचा सत्कार म्हटलं की हळद-कुंकू लावतात, ओटी भरतात. व्यासपीठावर दोघींपैकी एकीचा नवरा हयात नसेल तर तिथे हात थबकतो. एकीची ओटी भरली जाते, दुसरीला नुसता नारळ दिला जातो, आणि सगळ्या गावासमोर सन्मानाच्या जागी तिचा अपमान होतो. ज्यांच्या नावाने हा पुरस्कार आहे त्या अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. त्यानंतर १७६७ पासून जवळजवळ २८ वर्षं त्यांनी राज्य चालवलं. त्यांच्या जयंतीला असा भेद होणं कुठल्याही गावाला शोभणारं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे प्रकार थांबवायचं गावाने ठरवलं, आणि त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक शासनाने काढलं. तुमच्या गावाने असा ठराव केलेला नसला, तरी या कार्यक्रमापुरता नियम सोपा आहे. ओटी भरायची तर सगळ्यांची, नाहीतर कुणाचीच नाही. काय करणार ते सत्कार करणाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे व्यासपीठावर कुणी गोंधळणार नाही.

भेटवस्तूंबद्दल थोडक्यात. सन्मानचिन्ह लहान असलं तरी चालेल. शाल ठरलेलीच असेल तर उन्हाळ्यात खांद्यावर घेता येईल अशी सुती किंवा खादीची बघा. पैसे तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करा. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून ठरलेल्या रकमेशिवाय तिच्या कामाला लागणारी एखादी गोष्ट देता येते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला रक्तदाबाचं यंत्र किंवा चांगली बॅटरी मिळाली तर ती दुसऱ्या दिवसापासून वापरात येईल. मंडपाचा आणि फ्लेक्सचा खर्च निम्मा केला तरी एवढे पैसे निघतात.

१ जूननंतर

सत्कार झाला की गाव मोकळं होतं, आणि तिचं काम मात्र तिच्या एकटीच्या अंगावर तसंच राहतं. उलट ते वाढतं, कारण आता नाव झालेलं असतं. म्हणून मनोगताच्या वेळी तिला एक प्रश्न जरूर विचारा: तुमचं कोणतं काम कुठे अडलं आहे? ती मोठं काही मागत नाही. वस्तीकडच्या रस्त्यावर एक दिवा, अंगणवाडीच्या नळाला पाणी, तहसीलमध्ये पडून असलेले अर्ज. ते उत्तर तिथेच लिहून घ्या आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्याचं काय झालं ते वाचून दाखवा. ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या बैठकीला दोघींनाही बोलवा. शाळेत एकदा मुलांशी बोलायला न्या. सन्मानपत्रांची एक फाइल पंचायतीत ठेवा. पाच-सात वर्षांत ती गावाच्या बायकांच्या कामाचा इतिहास होईल, आणि असा इतिहास आज बहुतेक गावांकडे नाही.

शहरातल्या वाचकांना ग्रामपंचायत नाही, पण सोसायटी आहे, वॉर्ड आहे, महिला मंडळ आहे. तिथे पहिला प्रश्न असा विचारा की आपल्या इमारतीत, गल्लीत, शेजारच्या झोपडपट्टीत असं कोण आहे जिच्या नावाने कुठल्याच ग्रुपवर कधी अभिनंदनाचा निरोप फिरला नाही? उत्तर कदाचित सफाई कामगार बाई असेल, कदाचित तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींना रोज बघून येणारी शेजारीण.

ज्यांना हे आपल्या गावात व्हावं असं वाटतं त्यांनी एवढं करा. एका साध्या कागदावर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज लिहा: ‘१ मेच्या ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कारासाठी नावं सुचवण्याचा विषय घ्यावा, सभा संध्याकाळी ठेवावी आणि तिची सूचना सर्व वस्त्यांवर द्यावी.’ खाली पाच-दहा बायकांच्या सह्या किंवा अंगठे घ्या, पंचायतीत जाऊन द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.